मांदेली आणि तारली एकाच फॅमिलीतले मासे आहेत का?

नाही, फॅमिली वेगळी आहे पण ऑर्डर, म्हणजे अनेक फॅमिली मिळून होणारा मोठा गट, एकच, क्लुपिफॉर्मिस. आपल्याकडं सोलापुरात ताजा मासा म्हणजे उजनीचा, रोहू कटला नाहीतर चिलापी, त्यामुळं समुद्राची बारीक चंदेरी मासळी आली की सगळी एकसारखीच वाटते, पण तोंड बघा लगेच कळतं. मांदेलीचं नाक पुढं आलेलं असतं, तोंड खालच्या बाजूला आणि जबडा पार डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेला, शिवाय शेपटीकडं अंग निमुळतं होत जातं, ही एन्ग्रॉलिडी म्हणजे अँकोव्हीची फॅमिली, 140च्या वर जाती आहेत हिच्यात. तारलीचं तोंड लहान आणि अगदी समोर असतं. तिला आधी हेरिंगच्या क्लुपिडी फॅमिलीत धरायचे, जुन्या पुस्तकात तेच सापडेल, पण डीएनएच्या अभ्यासानंतर आता डोरोसोमॅटिडी अशी वेगळी फॅमिली मानतात आणि मला ते पटतं, कारण नुसत्या दिसण्यावरून केलेल्या जुन्या क्लुपिडीत लांबलांबचे नातेवाईक एकत्र कोंबले होते. बाकी दोघीही मोठे थवे करून राहतात, पण खाणं वेगळं, तारली कल्ल्यातल्या बारीक काट्यांच्या चाळणीनं प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खाते, मांदेली मात्र जास्त करून जवळ्यासारखे बारीक जीव खाते. बोंबील मात्र यांच्यातला अजिबात नाही, त्याची ऑर्डरच वेगळी.