वाचकांचे प्रश्न : घरातील गॅसगळती

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात, जुने कौलारू आहे. पावसाळ्यात खिडक्या दिवसभर बंदच असतात. अलीकडे सकाळी स्वयंपाकघराचे दार उघडले की गॅसचा मंद वास येतो, नंतर मात्र तो जाणवत नाही. काडी पेटवून नळीपाशी धरली की गळती कुठे आहे ते कळते, असे सासूबाई म्हणतात. तसे करून पाहावे का? – एक वाचक भगिनी

उत्तर : काडी मुळीच पेटवू नका. सासूबाईंनाही हे आदराने, पण स्पष्टपणे सांगा, कारण ही जुनी सवय अनेक घरांत अजून टिकून आहे. दिवसा वास येत नाही म्हणून गळती थांबली असे होत नाही. रात्रभर कोंडलेल्या खोलीत साठलेला गॅस दार उघडल्यावर विरळ होतो, शिवाय सतत येणाऱ्या वासाला नाकही सरावते. सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्यूटेन यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. धोका वेळीच कळावा म्हणून त्यांत उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते. हवेत या गॅसचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की एखादी ठिणगीही तो पेटवायला पुरते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. म्हणून केवळ वरची खिडकी उघडून भागत नाही, बाहेरचे दार सताड उघडावे लागते.

सकाळी वास आला, तर दिव्याचे बटण चालू करू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर समई लावण्याचे त्या दिवशी थांबवावे. शेगडीच्या कळा आणि रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून घरातील सर्वांनी बाहेर यावे. वास उग्र असेल तर बाहेर आल्यावरच १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या आणीबाणी क्रमांकावर कळवावे.

वास पूर्णपणे गेल्यावर, दारे उघडी ठेवून, गळतीची जागा साबणाच्या पाण्याने शोधता येते. वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण फेसाळेल इतका कालवून, शेगडीच्या कळा बंद ठेवून फक्त रेग्युलेटर चालू करावा आणि हे पाणी ब्रशने रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांवर आणि संपूर्ण नळीवर लावावे. ब्रशने उठलेला फेस जागच्या जागी विरतो, गळतीपाशी मात्र बुडबुडा फुगत जातो, फुटतो आणि तिथेच पुन्हा नवा येतो. तो दिसताच रेग्युलेटर बंद करावा.

आता दुरुस्तीविषयी. नळीला चीर असेल, उंदराने ती कुरतडली असेल किंवा वाकवल्यावर तडे दिसत असतील, तर चिकटपट्टी गुंडाळणे किंवा दोरीने आवळणे ही दुरुस्ती नव्हे. आयएसआय छाप असलेली तारजाळीची नारिंगी सुरक्षा नळीच घ्यावी आणि नळीवर छापलेली मुदत संपली की ती बदलावी. पाच वर्षांपेक्षा अधिक काळ ती वापरू नये. ती कापडाने झाकू नये, कारण झाकलेली नळी कुणी तपासत नाही. बुडबुडा सिलिंडरच्या तोंडाशी किंवा रेग्युलेटरमध्ये आला तर मात्र दुरुस्तीला आपण हात घालू नये. सुरक्षा टोपी बसवून, वास येत असल्यास सिलिंडर उघड्यावर नेऊन उभाच ठेवावा आणि वितरकाला बोलवावे. शेगडीच्या कळीतून गळत असेल तर काम कारागिराचे आहे.

प्रश्न : टिळकवाडीतील आमच्या घरी आता नळाने गॅस येतो. ओट्याखालच्या पाइपच्या सांध्यातून बारीक वास येतो. प्लंबरकडून एम-सील लावून घेतले तर चालेल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : चालणार नाही. मीटरपासून शेगडीपर्यंतच्या पाइपचे काम कंपनीच्या माणसानेच करायचे असते, कारण सांधा उघडून पुन्हा बसवल्यावर दाब देऊन तपासणी करावी लागते आणि वरून थापलेले सील उद्या सुटले तरी कळणार नाही. आपण मीटरजवळची झडप बंद करावी आणि बिलावरील आणीबाणीच्या क्रमांकावर कळवावे. हा गॅस मुख्यतः मिथेन, म्हणजे हवेपेक्षा हलका असून छताकडे चढतो. त्यामुळे इथे वरचे झरोकेही उघडावेत. कपाटे बंदिस्त असल्यास त्यांना हवा खेळण्याइतकी जाळी ठेवून घ्यावी. बिले आणि सूचना पुष्कळदा कानडी किंवा इंग्रजीत असतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्या वाचता येत नाहीत. तो क्रमांक मराठीत, मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा आणि मीटरची झडप कशी फिरवायची हे त्यांना एकदा करून दाखवावे.

प्रश्न : सिलिंडर घेताना काय पाहावे? – एक वाचक, निपाणी

उत्तर : सील, टोपीखालचे तोंड आणि वरच्या कड्याच्या पट्टीवरील अक्षर पाहावे. ‘डी-२७’ म्हणजे २०२७ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत चाचणीची मुदत संपते. ती उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करावा.