ज्यू लग्नात शेंडेफळाचं लग्न लागलं की आईवडिलांना खुर्चीत बसवून आईच्या हातात झाडू का देतात? हा 'मेझिंका' नाच नेमका करायचा कसा?

आधी झाडूबद्दल बोलतो, कारण खरा अडसर तोच दिसतोय. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत तुमच्या भावाचं लग्न आहे, होणाऱ्या वहिनी त्यांच्या घरातलं शेंडेफळ आणि भाऊ तुमच्या घरातलं. म्हणून तिकडच्या ज्यू मंडळींचा आग्रह आहे की 'मेझिंका'ला चारही आईवडिलांनी बसावं. आणि भर समारंभात विहिणीने झाडू मारायचा हे ऐकून तुमच्या आई बिथरल्या आहेत.

त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे माणूस घराबाहेर पडला की त्याच्या मागे लगेच केर काढत नाहीत, आणि इथे तर मुलीचं लग्न लागतं न लागतं तोच आई झाडायला घेते. पण या नाचातला झाडू हलकं काम नाही आणि कोणाला घालवून देणंही नाही. शेवटचं मूल मार्गी लागलं, आता या घरात उजवायचं कोणी राहिलं नाही, अंगण मोकळं झालं, एवढंच तो सांगतो. झाडू नवा असतो, दांड्याला रिबिनी आणि फुलं बांधलेली असतात, आणि तो हातात घेण्याचा मान आईचा असतो. आईंना हे सांगताना 'उजवणे' हाच शब्द वापरा. त्या लगेच समजतील.

हा रिवाज सगळ्या ज्यूंचा नाही. तो पूर्व युरोपातल्या, यिडिश बोलणाऱ्या अश्केनाझी ज्यूंचा. यिडिशमध्ये धाकट्या मुलीला 'मिझिंकं' आणि धाकट्या मुलाला 'मिझिनिक' म्हणतात. शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून आलाय, आणि युक्रेनियन भाषेत करंगळीचा शब्दही त्याच मुळातला आहे. अमेरिकेत त्याचं 'मेझिंका' झालं आणि नाचालाही तेच नाव पडलं. ज्या गाण्यावर नाचतात ते कीव्हचे वकील आणि गीतकार मार्क वर्शाव्स्की (१८४८–१९०७) यांचं. त्याच्या नावाचा अर्थ 'धाकटी दिली', म्हणजे आपण 'मुलगी दिली' म्हणतो अगदी तसाच. गाण्यातला बाप रिंगण मोठं करायला सांगतो. एका कडव्यात गोरगरीब पाहुणे येतात तेव्हा त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं टेबल मांडायला सांगतो. मला ते कडवं फार आवडतं. बँडला विनंती करून तेही गाऊन घ्या, बहुतेक वेळा गाळलं जातं.

शेवटच्या लग्नाचं एवढं कौतुक का, तर मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी जमलेले लोक आशीर्वाद देतात तो असा: याने तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ शिकावा, हुप्पाखाली म्हणजे लग्नाच्या छताखाली उभं राहावं, सत्कर्मं करावीत. मुलाचं लग्न करून देणं हे बापाच्या कर्तव्यांत तालमूदने, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथाने, स्पष्ट मोजलेलं आहे. शेवटचं मूल हुप्पाखालून बाहेर आलं की हे कर्तव्य पुरं झालं. म्हणून बाकी सगळे नाच नवरानवरीसाठी असले तरी हा एक नाच आईवडिलांसाठी आहे. आपल्याकडे मुंडावळ्या नवरानवरीच्या कपाळी बांधतात. इथे फुलांचं कडं चढतं ते आईच्या डोक्यावर. त्याला 'क्रेन्त्स्ल' म्हणतात. मूळ चाल शेवटच्या मुलीच्या लग्नात आईला कडं घालण्याची. आता मुलगा असो की मुलगी, शेवटचं लग्न असलं की करतात, आणि पुष्कळ घरांत वडिलांनाही घालतात.

तुमचे आईवडील ज्यू नाहीत, मग चालेल का? चालेल. यात प्रार्थना नाही, आशीर्वचन नाही, रब्बींचं म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं काही काम नाही. हा धर्मविधी नसून लोकरिवाज आहे. मात्र एक गोष्ट बोलावणं स्वीकारण्याआधी घरात नीट विचारा. भाऊ वयाने धाकटा असला तरी त्याच्याआधीचं कोणी अविवाहित आहे का? असेल, तर तुमच्या बाजूने खुर्च्या मांडूच नका. हा नाच वयाने शेवटच्याचा नसून लग्नाने शेवटच्याचा आहे. मोठी बहीण बिनलग्नाची समोर उभी असताना 'आता कोणी उरलं नाही' असं वाजतगाजत सांगणं तिला फार लागतं. सगळ्यात वाईट चूक हीच, आणि ती होते कारण सूत्रसंचालकाला कोणी सांगितलेलंच नसतं. भावंडांपैकी कोणाचा घटस्फोट झाला असेल तर त्यांनाच आधी खासगीत विचारा. आईवडील वेगळे राहत असतील तर दोन खुर्च्या लांब ठेवतात, त्यातही काही अवघड नाही.

आता मांडणी. चार खुर्च्या असतील तर एका ओळीत लावू नका. पाहुणे पहिल्या खुर्चीपाशी रेंगाळतात आणि मागे तुंबतात. दोन-दोनच्या जोड्या करून पाठीला पाठ लावा, मध्ये हातभर जागा ठेवा. मग रिंगण फिरता फिरता आपोआप आधी एका जोडीसमोरून आणि मग दुसऱ्या जोडीसमोरून जातं, कोणाला थांबून वळावं लागत नाही. खुर्च्यांसमोर दीड मीटर मोकळं हवं, म्हणजे सगळं धरून निदान पाच-सहा मीटर व्यासाची जागा लागते. खुर्ची जड आणि हाताची घ्या. घडीच्या खुर्च्या नकोत, कारण रंगात आलेली तरुण मंडळी नवरानवरीसारखं आईवडिलांनाही खुर्चीसकट उचलायला बघतात. मेझिंकात उचलणं गरजेचं नाही. आईंना नको असेल तर दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरून नको अशी मान हलवायची, लोक ऐकतात.

क्रम साधारण असा. जेवण उरकत आलं की, शेवटच्या प्रार्थनेच्या आधी, बँड पुकारा करतो. लग्न झालेली मुलं आपापल्या आईवडिलांना हाताला धरून आणतात आणि बसवतात. नवरी आणि नवरा त्यांना कडं घालतात. मुलं, सुना, जावई, नातवंडं आतलं रिंगण धरतात, बाकी पाहुणे बाहेरचं. एक-दोन फेऱ्या झाल्या की दोन्ही रिंगणं मिळून एकच साखळी होते आणि प्रत्येक जण खुर्चीसमोरून जाताना वाकून गालाला गाल लावतो किंवा गालाचा मुका घेतो आणि 'मझल तोव' म्हणजे 'अभिनंदन' म्हणतो. मग झाडू येतो. दोघी विहिणी खुर्च्यांभोवती झाडत एक फेरा घेतात, टाळ्या पडतात, झाडू बाजूला ठेवला जातो आणि शेवटी आईवडील आपापल्या जोडीने नाचतात.

वेळेचा हिशोब आधी करा. १२० पाहुणे असतील आणि दोन्ही जोड्यांना भेटायला प्रत्येकी पाच सेकंद लागले तरी १० मिनिटं होतात. गाणं मात्र जेमतेम तीन मिनिटांचं असतं. रेकॉर्ड लावणार असाल तर ती संपल्यावर ८० हून जास्त माणसं रांगेत आणि सभागृह गप्प, असा प्रसंग येतो. त्यामुळे तेच गाणं निदान चार वेळा जोडून ठेवा, किंवा वाजवणाऱ्यांना त्यातून दुसऱ्या क्लेझमर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नसंगीत) चालींत शिरायला सांगा. आणखी एक सांगून ठेवा: गाठीभेटी संपेपर्यंत लय वाढवू नका. क्लॅरिनेटवाला रंगात येतो, गती चढते, आणि वाकलेल्या आजीला मागच्याचा धक्का बसतो.

पावलं अवघड नाहीत. होरा या रिंगणाच्या नाचाची सहा मात्रांची चाल आहे: डावा पाय डावीकडे, उजवा त्याच्या मागून, पुन्हा डावा, उजवा पाय हलकेच पुढे झटकायचा, वजन उजव्यावर, डावा झटकायचा. पण मेझिंकात ती जमवण्यापेक्षा ठेक्यावर नुसतं चालणं बरं. पुढचा ज्या दिशेला जातोय त्याच दिशेला जायचं, हात खाली सैल धरायचे. पदर खांद्याला पिन केलेला हवा आणि साडी अंगठ्याच्या वर नेसलेली, कारण सगळ्यांत जास्त पाय पडतात ते साडीच्या काठावर. झाडूच्या काड्या गळतात आणि गुळगुळीत लाकडी फरशीवर पाय सटकतो, म्हणून झाडू आदल्या दिवशी झटकून घ्या आणि नंतरचे नाच सुरू व्हायच्या आत तेवढी जागा खरोखर पुसून घ्या.

कडं घरी करणार असाल तर बारीक तारेचं साठेक सेंटीमीटर परिघाचं करा, डोक्याच्या मापापेक्षा किंचित सैल. दोन्ही कानांच्या वर एकेक कंगवा टाका. कार्नेशन आणि जिप्सोफिला रात्रभर फ्रिजमध्ये टिकतात. गुलाब गरम हॉलमध्ये मान टाकतो. भारतीय दुकानातला मोगऱ्याचा गजरा तारेवर गुंडाळला तरी सुंदर दिसतो, आणि दोन्ही विहिणींना सारखाच केला तर आईंना ते आपलंही वाटेल. विहीणबाई डोकं झाकत असतील तर त्यांचे केस म्हणजे बऱ्याचदा विग असतो. त्यात पिना खुपसू नका, कडं नुसतं वर ठेवा.

घर कर्मठ असेल तर चित्र बदलतं. स्त्रिया आणि पुरुष पडद्याच्या दोन बाजूंना नाचतात, आयांचा मेझिंका एकीकडे, वडिलांचा दुसरीकडे, आणि परक्या स्त्री-पुरुषांत मुका तर सोडाच, हातात हातही घेत नाहीत. लांबून हात जोडले की झालं. हसिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या घरांत रात्री उशिरा 'मित्स्वा टान्त्स' असतो. त्यात थोर मंडळी लांब कमरपट्ट्याचं एक टोक नवरीच्या हातात देऊन तिच्यासमोर नाचतात. तो वेगळा, तिथे पाहुण्यांनी मध्ये घुसायचं नसतं.

तुम्ही विचारलंय की अलिबाग-पेणच्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू लोकांत हे का दिसत नाही. कारण ते अश्केनाझी नाहीत आणि यिडिश त्यांची कधीच नव्हती. त्यांच्या लग्नाचा थाट मराठी आहे: मेंदी, मराठी गाणी, एलियाहू नबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा, आणि नवरी येताना नवऱ्याने हिब्रूत गायलेलं गीत. त्यांच्या लग्नात झाडू दिसला नाही म्हणून विहीणबाईंनी काही नवीन काढलंय असं समजू नका.

आणि एवढं सांगूनही आईंचा झाडूला नकारच असेल तर तो ठेवून द्या. खुर्ची, कडं आणि रिंगण एवढ्यावर मेझिंका पुरा होतो. कितीतरी घरं झाडू आणतच नाहीत. फक्त लग्नाच्या आदल्या आठवड्यात विहीणबाईंना फोन करून सांगा, म्हणजे ऐन वेळी कोणी आईंच्या हातात तो कोंबणार नाही आणि तिकडच्या विहीणबाई त्यांचा फेरा एकट्या घेतील. तो चालू असताना तुमच्या आईंनी खुर्चीत बसून टाळ्यांचा ठेका धरावा.