पऱ्हाटीत पडलेला पांढरा डबा

प्रश्न : ऑगस्टमध्ये सकाळी निंदणाला गेलो, तर पऱ्हाटीत थर्माकोलचा डबा, लांबलचक दोरी, लाल छत्री आणि फाटकं रबर पडलेलं. पोलीस पाटील म्हणाले, हात लावू नका. हे काय असावं? छत्री असून डबा फुटला कसा? – एक शेतकरी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पाटलांनी बरोबर सांगितलं. अनोळखी वस्तू आधी त्यांनीच बघावी. पण तुमच्या वर्णनावरून तो रेडिओसोंड दिसतो, म्हणजे फुग्याला टांगून वर सोडलेलं, वरच्या हवेचं मोजमाप रेडिओवरून कळवणारं यंत्र. नोकरीत इतके सोडलेत, की निवृत्तीनंतरही पहाटे चारला जाग येते.

हवामान खात्याचा हा फुगा, बहुधा नागपूरचा. निरीक्षणाची वेळ सकाळ-संध्याकाळ साडेपाचची. हायड्रोजन भरलेला, माणसाहून उंच फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो. डब्यातून बाहेर आलेली बारीक तार दिसेल, ती तापमान मोजते. फुग्याची ऊब तिला लागू नये म्हणून दोरी तीसेक मीटर. एकदा ती माझ्या हातून कडुनिंबात अडकली. पुन्हा बॅटरी (ती भिजली की चालू व्हायची) पाण्यात भिजवण्यापासून सुरुवात! तेव्हापासून फुगा सोडताना आधी झाडाकडे बघायचो.

३० किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. फुगा फुगत फुगत तिथे कुठेतरी फुटतो. छत्री आधीपासून फुग्याखाली मोकळीच लटकत असते, पण वरच्या विरळ हवेत तिला धरायला काही नाही. सुरुवातीला डबा ताशी शंभराहून जास्त किलोमीटरने कोसळतो आणि जमिनीजवळ सेकंदाला पाचेक मीटरवर येतो. तुमचं रबर छत्रीला गुंडाळलेलं होतं का, बघा. तसं असेल तर छत्री फुललीच नसणार. डबा वाचला नाही तरी खात्याचं अडत नाही, आकडे रेडिओवरून आधीच पोचलेले असतात. छत्री आहे ती तुमच्या डोक्यासाठी.

आता नागपूरहून आर्वीला, म्हणजे पश्चिमेला, कसा आला? पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेचा, म्हणून फुगा आधी भंडाऱ्याकडे सरकतो. पण आठ-दहा किलोमीटरच्या वर पूर्वेचा जोरदार वारा लागतो, आणि स्वारी माघारी वळते. हिवाळ्यात गेला असता उलट, छत्तीसगडच्या दिशेने.

पाटलांनी पाहिल्यावर डब्यावरचा मजकूर वाचा आणि त्यात सांगितलंय तसं करा. रबर आणि दोरी मात्र धुऱ्यावर टाकू नका. गुरं रबर चघळतात, आणि ती दोरी बैलाच्या खुरात गुंतली की कापल्याशिवाय सुटत नाही.