बागुलबुवा कोणाच्या नावावर? अमेरिकेच्या अध्यक्षीय प्रचारातल्या भीतीविषयी प्रश्नोत्तरे

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांतल्या जाहिराती, भाषणं आणि पक्षीय चिखलफेक यांविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : १९६४ ची ‘डेझी’ जाहिरात फक्त एकदा दाखवली गेली, असं वाचलं. एकदा दाखवलेल्या जाहिरातीने निवडणूक फिरू शकते का? (पुणे)

तिने निवडणूक फिरवली नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन त्याआधीही जनमत चाचण्यांत बरेच पुढे होते. शेवटी त्यांना ४४ राज्यं, ४८६ इलेक्टोरल मतं (राज्यागणिक मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं) आणि जनतेची ६१ टक्के मतं मिळाली. एवढ्या मोठ्या फरकाचं श्रेय एका मिनिटाच्या जाहिरातीला देणं म्हणजे जाहिरातवाल्यांच्या शेखीवर विश्वास ठेवणं. पण तिची बांधणी समजून घ्यावी, कारण पुढच्या कित्येक जाहिराती त्याच मापाने बेतल्या गेल्या.

७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री एनबीसीवर चित्रपटाच्या मध्ये ती लागली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते आहे. मोजताना चुकते, सहा-सातची अदलाबदल करते. नऊपर्यंत पोचल्यावर पुरुषी, यांत्रिक आवाजात दहापासून उलटी मोजणी सुरू होते. चित्र थिजतं, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो आणि शून्याला अणुस्फोट होतो. मग जॉन्सन यांचा आवाज येतो : एकमेकांवर प्रेम करायचं, नाहीतर मरायचं. शेवटी निवेदक सांगतो की ३ नोव्हेंबरला जॉन्सन यांना मत द्या, घरी बसून चालणार नाही इतकं काही पणाला लागलं आहे.

रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव त्यात कुठेच नाही. क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचाला जेमतेम दोन वर्षं होत होती. १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराविरुद्ध गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये मत दिलं होतं. नाटोच्या सेनापतींना छोटी अण्वस्त्रं वापरायची मुभा असावी, ही त्यांची भूमिकाही गाजत होती. भीती प्रेक्षकाच्या मनात आधीच होती, नाव रोजच्या पेपरात होतं. दोन्हींची गाठ प्रेक्षकाने स्वतः मारली. जाहिरातीमागच्या प्रमुख डोक्यांपैकी एक, ध्वनितज्ज्ञ टोनी श्वार्ट्झ, यांचं तत्त्वच ते होतं : ऐकणाऱ्याच्या डोक्यात नवं काही भरायचं नाही, तिथे आहे त्यालाच झंकारायचं.

पाचच दिवसांनी जॉन्सन यांच्याच प्रचारातली दुसरी जाहिरात आली. आइस्क्रीम खाणारी मुलगी, अणुचाचण्यांतून पसरणाऱ्या किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० ची माहिती आणि गोल्डवॉटर यांनी कराराविरुद्ध मत दिल्याचा थेट उल्लेख. मुद्द्याच्या दृष्टीने ती जास्त नेमकी होती, पण आज ती अभ्यासकांपलीकडे कुणाला आठवत नाही. ‘डेझी’वर मात्र रिपब्लिकनांनी आरडाओरडा केला, ती बातमी झाली आणि इतर वाहिन्यांनी बातम्यांत पुन्हा फुकट दाखवली. चिडलेला प्रतिस्पर्धी हा अशा जाहिरातीचा सर्वांत स्वस्त वितरक असतो, हा धडा प्रचारयंत्रणा तेव्हापासून विसरलेल्या नाहीत.

प्रश्न : १९८८ च्या विली हॉर्टन जाहिरातीत वंशाबद्दल चकार शब्द नव्हता. मग तिला वर्णद्वेषी का म्हणतात? (छत्रपती संभाजीनगर)

शब्द नव्हता, फोटो होता. पण आधी दोन जाहिराती वेगळ्या करायला हव्यात, त्यांची सर्रास गल्लत होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये कैद्यांना थोड्या दिवसांची रजा द्यायची योजना १९७२ मध्ये सुरू झाली, तीही रिपब्लिकन राज्यपालाच्या काळात. खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा कृष्णवर्णीय हॉर्टन १९८६ मध्ये अशा रजेवर गेला तो परतलाच नाही. १९८७ मध्ये त्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्याच्या घरात शिरून पुरुषावर हल्ला केला आणि स्त्रीवर बलात्कार केला. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल होते मायकेल डुकाकिस, म्हणजे १९८८ चे डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवार. खुनी कैद्यांना ही रजा बंद करणारं विधेयक त्यांनी १९७६ मध्ये नाकारलं होतं. इथवर सगळं खरं आहे.

सप्टेंबर १९८८ च्या उत्तरार्धात एका बाहेरच्या गटाने केबलवर जाहिरात लावली. तिच्यात हॉर्टनचा पोलिसांनी काढलेला फोटो होता. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला थांबली आणि लगेच रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश (थोरले) यांच्या अधिकृत प्रचाराची जाहिरात सुरू झाली. तिच्यात हॉर्टन नाही; तुरुंगाच्या फिरत्या फाटकातून कैदी आत जाताहेत आणि तसेच बाहेर पडताहेत. निवेदक खुन्यांना दिलेल्या रजांबद्दल बोलतो आणि त्याच वेळी पडद्यावर अक्षरं उमटतात : २६८ पळाले. ऐकणारा साहजिकच समजतो की २६८ खुनी पळाले. प्रत्यक्षात त्या २६८ मध्ये पॅरोलला अपात्र ठरवलेले खुनी चार होते. आकडा खरा, वाक्य खरं, दोन्ही शेजारी ठेवल्यावर तयार होणारा अर्थ खोटा. तथ्य तपासणाऱ्याला इथे पकडायला वाक्यच सापडत नाही.

चेहरा एका गटाने दाखवला, धोरणाची टीका उमेदवाराने केली, आणि प्रेक्षकाच्या मनात दोन्ही एकत्र आलं. बुश यांचा प्रचार हात झटकून मोकळा. कृष्णवर्णीय पुरुष आणि गुन्हा ही जोडी अमेरिकी मनात फार जुनी आहे, तिचं नाव न घेताच काम होत होतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी हा वर्णद्वेष असल्याचं उघड म्हटल्यावर तिची धार कमी झाली, असं राज्यशास्त्रज्ञ टाली मेंडेलबर्ग यांचं विश्लेषण आहे. ते सर्वांनाच मान्य नाही.

डुकाकिस यांचं काय चुकलं, हेही सांगायला हवं. पक्षाच्या जुलैतल्या अधिवेशनानंतर गॅलपच्या चाचणीत ते १७ गुणांनी पुढे होते. हल्ले सुरू झाल्यावर ते बराच काळ गप्प राहिले. मग १३ ऑक्टोबरच्या वादफेरीत पहिलाच प्रश्न आला : तुमच्या पत्नीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तर गुन्हेगाराला फाशी मागाल का? त्यांनी आवाजही न चढवता फाशीला आपला विरोध आहे असं सांगितलं आणि गुन्हेगारीच्या आकडेवारीकडे वळले. उत्तर तत्त्वाला धरून होतं, पण घाबरलेल्या माणसाला आधी ‘तुमची भीती मला कळते’ एवढं ऐकायचं असतं, टक्केवारी नंतर.

प्रश्न : भीती दाखवून मतं खरंच बदलतात, याला काही पुरावा आहे का? (नाशिक)

लोक समजतात त्यापेक्षा पुरावा बराच पातळ आहे. २००७ मध्ये लाउ, सिगेलमन आणि रोव्हनर यांनी नकारात्मक प्रचारावरचे १११ अभ्यास एकत्र तपासले. असा प्रचार मतं मिळवून देतो किंवा मतदान घटवतो, असं ठामपणे म्हणण्याजोगं काही त्यांना सापडलं नाही. मात्र असा प्रचार लक्षात जास्त राहतो. २०१८ मध्ये कॅला आणि ब्रूकमन यांनी प्रत्यक्ष प्रचारातले ४९ प्रयोग तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत मन वळवण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला.

मग कोट्यवधी डॉलर का ओततात? एक कारण म्हणजे कडेलोटाचं गणित. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत बायडन यांची आघाडी मिळून सुमारे ४३ हजार मतांची होती. ही तिन्ही राज्यं उलटी गेली असती तर इलेक्टोरल मतं २६९-२६९ झाली असती. अशा ठिकाणी ‘जवळपास शून्य’सुद्धा विकत घेण्यासारखं असतं.

दुसरं कारण माणसाच्या वागण्यात आहे. राज्यशास्त्रज्ञ टेड ब्रेडर यांनी १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीवेळी प्रयोग केला. जाहिरातीतला मजकूर तोच ठेवून फक्त संगीत आणि चित्रं बदलली. उत्साही संगीताने लोक आपल्या आधीच्या पसंतीला जास्त चिकटले. भीतीच्या संगीताने ती पसंती सैल झाली आणि समोरच्या माहितीकडे लक्ष वाढलं. राजकारणाची माहिती असलेल्यांवर परिणाम जास्त झाला, हे जाणकारांनी जरूर लक्षात घ्यावं.

नुसती भीती मात्र हातपाय हलवत नाही. १९६५ मध्ये येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीची पत्रकं दिली, काहींना भयंकर फोटोंची, काहींना सौम्य. लस कोण घेतो हे फोटोंवर ठरलं नाही. आरोग्य केंद्राचा नकाशा आणि कधी जायचं याची आखणी ज्यांना दिली, त्यांच्यापैकी २८ टक्के गेले. बाकीच्यांपैकी ३ टक्के. ‘डेझी’चं शेवटचं वाक्य आता पुन्हा वाचा : तारीख, नाव आणि घरी बसू नका.

प्रश्न : पूर्वीचं राजकारण तरी सभ्य होतं ना? (बेळगाव)

नव्हतं. १८०० मध्ये, अध्यक्ष जॉन ॲडम्स विरुद्ध थॉमस जेफरसन या लढतीत, ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने मतदारापुढे दोनच पर्याय ठेवले होते : देव आणि धार्मिक अध्यक्ष, किंवा जेफरसन आणि देव नाही. उलट बाजूने ॲडम्स यांना नाही नाही ते म्हणणारा पत्रकार जेम्स कॅलेंडर १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात गेला. १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्याविरुद्ध काळ्या शवपेट्या छापलेली पत्रकं वाटली गेली. लष्करी अधिकारी असताना त्यांनी देहदंड दिलेल्यांच्या त्या पेट्या. भीती तीच, फरक ती किती वेगाने आणि किती नेमक्या घरात पोचते याचा.

प्रश्न : धादांत खोटी जाहिरात टीव्ही केंद्रं लावतातच कशी? (पणजी)

कारण उमेदवाराची जाहिरात नाकारायचा अधिकारच त्यांना नाही. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ३१५ नुसार प्रसारण केंद्राने उमेदवाराच्या मजकुरात काटछाट करायची नाही, आणि १९५९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याबद्दल केंद्रावर बदनामीचा दावाही लागत नाही. साबणाच्या जाहिरातीला खरं बोलण्याची जी सक्ती आहे, ती राजकीय जाहिरातीला नाही. सुपर पॅकसारख्या, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या, बाहेरच्या गटाची जाहिरात मात्र केंद्र नाकारू शकतं. २००२ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या आवाजात ‘हा संदेश मला मान्य आहे’ असं सांगावं लागतं. त्यामुळे घाणेरडं काम बाहेरच्या गटांकडे ढकलायची सोय आणखी वाढली. २०१० च्या न्यायालयीन निकालांनी त्या गटांच्या पैशावरची मर्यादाही काढली.

प्रश्न : मुद्दा दहशतवाद असो, स्थलांतरित असो की लोकशाही, शेवट ‘ते लोक देश बुडवणार’ इथेच का होतो? (ठाणे)

कारण ब्रेडर यांच्या प्रयोगातला धोका प्रचारकांना कळतो. घाबरलेला मतदार शोधाशोध करतो, शंका काढतो, कदाचित दुसरीकडेही जातो. रागावलेला मतदार असं करत नाही. तो बाहेर पडतो, पैसे देतो, रांगेत उभा राहतो. म्हणून भीती जास्त वेळ तशीच ठेवत नाहीत, तिला लगेच एक दोषी देतात. जागतिक मंदी किंवा साथ यांच्यावर रागावता येत नाही, विरोधी पक्षावर येतं.

त्याला पोषक जमीनही तयार आहे. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात सोयरीक केली तर वाईट वाटेल का, असा प्रश्न १९६० मध्ये विचारला तेव्हा ५ टक्के रिपब्लिकन आणि ४ टक्के डेमोक्रॅट ‘हो’ म्हणाले. २०१० मध्ये तशाच प्रश्नाला ४९ आणि ३३ टक्के. धोरणांवरचे मतभेद एवढे वाढलेले नाहीत, एकमेकांविषयीची किळस वाढली आहे. दोन्ही पक्ष हे करतात. पण दोन्हीकडचं प्रत्येक विधान सारखंच खोटं असतं, असं मात्र नाही. १० सप्टेंबर २०२४ च्या वादफेरीत डोनाल्ड ट्रम्प यांनी ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खात असल्याचा दावा केला. शहर प्रशासनाकडे त्याचा कोणताही विश्वसनीय पुरावा नव्हता. पुढच्या दिवसांत बॉम्बच्या धमक्यांमुळे तिथल्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या.

प्रश्न : आम्ही दक्षिण न्यू जर्सीत राहतो. राज्य चुरशीचं नाही, तरी टीव्हीवर मारा आणि मोबाइलवर ‘मध्यरात्रीपर्यंत पैसे द्या, नाहीतर सगळं संपलं’ असे मेसेज. काय करावं? (चेरी हिल)

टीव्हीचं कारण साधं आहे. तुमच्याकडे फिलाडेल्फियाची केंद्रं दिसतात, मारा शेजारच्या चुरशीच्या पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांवर चालला आहे आणि शिंतोडे तुमच्यावर उडताहेत. एखादी जाहिरात फार अंगावर आली तर ती यूट्यूबवर काढा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडदा झाकून ऐका आणि दोन्ही वेळा नेमका कोणता दावा कळला ते कागदावर लिहा. बऱ्याचदा कागद कोरा राहतो. पैसे कोणी दिले ते शेवटच्या बारीक अक्षरांत असतं. केंद्रनिहाय खरेदीच्या नोंदी एफसीसीच्या (प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या) संकेतस्थळावरच्या सार्वजनिक फाइलमध्ये मिळतात.

मेसेजमधली मध्यरात्र बहुधा महिन्याची किंवा तिमाहीची अखेर असते, म्हणजे हिशेब सादर करायची मुदत. दुसऱ्या दिवशी दिलेला डॉलरही तितकाच चालतो. ‘तुमच्या देणगीच्या पाचपट आम्ही घालू’ यावर विश्वास ठेवू नका. २०२३-२४ मध्ये एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलरच देता येत होते, मग पाचपट कोण घालणार? तळाशी ‘कोणत्याही उमेदवाराने अधिकृत केलेलं नाही’ असं असेल, तर पैसा उमेदवाराच्या खात्यात जाणार नाही.

घरातले कोण देऊ शकतात तेही पाहा. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, पण मत देऊ शकत नाहीत. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना दोन्ही निषिद्ध आहे, म्हणून मुलाच्या कार्डावरून आई-वडिलांनी किंवा पाहुण्या मेहुण्याने पैसे भरू नयेत. देणगीच्या पानावर दर महिन्याला रक्कम कापायच्या चौकटीत आधीच टिकमार्क केलेला असतो का, ते बघा. अशा चौकटींवर बंदी घालावी, अशी शिफारस फेडरल इलेक्शन कमिशनने मे २०२१ मध्ये एकमताने काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) केली होती. मेसेज नको असतील तर उत्तरात फक्त ‘स्टॉप’ पाठवा. पण अशा याद्या एकमेकांना विकल्या जातात, त्यामुळे नवीन नंबरवरून मेसेज आला की ते पुन्हा करावं लागेल. पैसे दिलेच असतील तर पुढचे दोन-तीन महिने कार्डाचं स्टेटमेंट ओळीओळीने तपासा.