‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’

मित्रांसाठी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन बोलत-बोलत कथा रंगवायचा खेळ) चालवणारा, म्हणजे ‘गेम मास्टर’ असलेला एक तरुण माझ्याकडे आला, तो उणिवांची यादी घेऊनच. नियम ऐनवेळी आठवत नाहीत. पात्रांचे आवाज काढता येत नाहीत. खेळाडूंनी भलतंच काही केलं की डोकं बंद पडतं. एक जण सतत बोलतो, त्याला आवरता येत नाही. “मी गेम मास्टर व्हायच्या लायकीचाच नाही का?” हा प्रश्न मला इतरांनीही विचारला आहे.

१९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आल्यापासून अशा बहुतेक खेळांची रचना तीच आहे. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र सांभाळतो. उरलेलं अख्खं जग गेम मास्टरच्या गळ्यात. एका माणसाला हे सगळं सारखंच जमावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

मी यादी बाजूला ठेवली आणि गेल्या वेळचा एखादा अडलेला प्रसंग जसाच्या तसा सांगायला लावला. खेळातल्या पुलावर एक पहारेकरी होता. या तरुणाने लढाईची तयारी केली होती, पण खेळणाऱ्या एका मुलीने पहारेकऱ्याला विचारलं, “तुझ्या घरी कोण कोण असतं?” वहीत उत्तर नव्हतं. तो क्षणभर गप्प झाला आणि घाईने म्हणाला, “पहारेकरी भाला उगारतो.” मुलगी हिरमुसली, फासे पडले, लढाई झाली.

माझ्या मते खरी गोम इथे होती. न सुचणं कुणालाही चुकलेलं नाही. ते कुणाला दिसू नये म्हणून तो खेळाडूंची वाट बंद करत होता. मग पुढच्या वेळी आणखी पानं लिहायची, आणि जितकी पानं जास्त तितकं त्यांबाहेर जाणं अवघड.

आपली फजिती सगळ्यांच्या लक्षात आली, असं आपल्याला नेहमीच जास्त वाटतं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं होतं. निम्म्या लोकांना तो लक्षात राहील असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात राहिला.

पुढच्या खेळासाठी आम्ही एकच गोष्ट ठरवली. अडलं की उघड म्हणायचं, “हे मी ठरवलेलं नाही, दोन मिनिटं द्या,” किंवा विचारणाऱ्यालाच सांगायचं, “तूच सांग, कोण असेल त्याच्या घरी?” पहिल्यांदा म्हणताना त्याचे कान तापले. पण उत्तरं पटापट आली आणि त्यांतलंच एक त्याने कथेत घेतलं. नियम शोधायचं काम नियमांची आवड असलेल्या मित्राकडे गेलं. आवाजांचा मुद्दा आम्ही सोडून दिला. पात्राला काय हवंय आणि कशाची भीती वाटते, हे स्पष्ट असेल तर साधं बोलणंही पुरतं.

बडबड्या मित्राचं मात्र सोपं नव्हतं. चारचौघांत टोकण्याऐवजी त्याच्याशी खेळाबाहेर, एकट्याने बोलावं असं मी सुचवलं. त्याला बरेच दिवस धीर होईना. शेवटी बोलला, तेव्हा मित्र म्हणाला, “कुणीच काही बोलत नाही, तू अवघडतोस, म्हणून मी बोलतो.” आता हा तरुण गप्प बसणाऱ्यांना नावाने विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मित्र अजून मधे बोलतो, पण हात केला की थांबतो.