बोंब: होळीची आणि स्मशानातली

प्रश्न असा आहे: ‘होळीला पोरांनी बोंब मारली की घरात सगळे हसतात, तीच बोंब आठवड्याभराने मारली तर आजी अंगावर धावून येते. असं का? आणि बोंब हा शब्द बॉम्बवरून आलाय का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. नाही. बॉम्बचं मूळ ग्रीक ‘बोंबोस’ म्हणजे घुमणारा आवाज. तो लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. बोंब इथलीच. दोन्ही शब्द आवाजाच्या नकलेतून घडलेत, म्हणून सारखे वाटतात. नातं काही नाही.

ही नक्कल नेमकी कशाची, ते बोंब मारण्याच्या रीतीत दिसतं. नुसतं मोठ्याने ओरडणं म्हणजे बोंब नव्हे. ओठ गोल करून ‘ओ’ असा लांब सूर धरायचा आणि उजव्या हाताची मागची बाजू तोंडावर भराभर आपटायची. हात टेकला की तोंड बंद होऊन ‘ब’ किंवा ‘म’ उमटतो, सुटला की ‘ओ’ मोकळा होतो, आणि हात टेकलेला असताना कोंडलेला आवाज नाकावाटे जाऊन अनुस्वाराचा गुंजारव तयार होतो. ब, ओ, अनुस्वार, ब: सगळा शब्द त्या एका हालचालीत आहे. मुलं हमखास दोन चुका करतात. बोटं फाकलेली ठेवली की हवा मधून निसटते आणि ‘ब’ उमटतच नाही. हात फार जोरात मारला तर ओठ दातांवर आपटतो. बोटं जुळवून, मनगट सैल ठेवून हात हलका मारला की आवाज लांबवर जातो.

हात पालथा का, हा प्रश्न मात्र आपल्याला स्मशानात घेऊन जातो. आपल्याकडच्या अनेक समाजांत अग्नी देणारा माणूस पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती ३ फेऱ्या मारतो. फेरीगणिक मडक्याला दगडाने भोक पाडतात, पाण्याची धार लागते, शेवटी मागे न बघता तो मडकं खांद्यावरून मागे टाकतो. आणि मग पालथा हात तोंडावर मारून बोंब मारतो. तपशील जातीजातीत, गावागावांत बदलतात, पण ही पालथ्या हाताची बोंब पुष्कळ ठिकाणी आहे. आजी चिडते ती यामुळे. तिच्या कानाला ती पोराची मस्ती नसते, घरात कुणी गेल्याची खूण असते. वर्षातून एकदाच हा आवाज घरच्या अंगणात चालतो, तो होळीला.

मग होळीलाच का चालतो? पुराणातली कथा ढुंढा राक्षसीची आहे. रघुराजाच्या राज्यात ती लहान मुलांना छळायची. देव, माणूस, शस्त्र कशाचंच भय तिला नव्हतं. भय होतं ते फक्त दंगा करणाऱ्या पोरांचं. म्हणून फाल्गुनी पौर्णिमेला लाकडं-गोवऱ्या रचून पेटवायच्या, भोवती फिरायचं आणि मनाला येईल ते मोकळ्या तोंडाने बोलायचं. शिव्या देण्याची मुभा इथूनच आली असं सांगतात.

कथा चांगली आहे, पण तिच्यात पालथा हात नाही. मला वाटतं, उत्तर होळीच्या रचनेतच आहे. प्रल्हादाच्या गोष्टीप्रमाणे त्या आगीत होलिका जळते. म्हणजे ती चिता आहे. गवऱ्या, लाकडं, प्रदक्षिणा, आणि शेवटी बोंब: चितेभोवती जे होतं, त्याचीच ही सणातली प्रतिकृती आहे. हे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण मेलेल्यांचा शिमग्याशी संबंध इतरत्रही दिसतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरोघरचे ‘वीर’, म्हणजे पूर्वजांचे टाक (धातूच्या पत्र्यावर ठोकलेल्या छोट्या प्रतिमा), वाजतगाजत गोदावरीवर नेतात. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या साळ गावी होळीच्या रात्री अंगात आलेले ‘गडे’, म्हणजे या विधीतले पुरुष, अंधारात देवचाराच्या (गावाच्या राखणदार भुताच्या) दिव्यामागे धावतात आणि थेट स्मशानात शिरतात.

आता भाषेत ही बोंब कुठवर पोचली ते बघू. ‘कुणाच्या नावाने बोंब मारणे’ किंवा ‘ठोकणे’ म्हणजे चारचौघांत त्याला दोष देणे. ‘नावाने शिमगा करणे’ त्याचंच भावंड. (शिमगा आला ‘सुग्रीष्मक’वरून, कोकणीतल्या ‘शिगमो’त ग आणि म यांचा मूळ क्रम टिकलाय, मराठीत तो उलटला.) सभ्य लिखाणात बोंब नको म्हणून ‘शंख करणे’, ‘शंखध्वनी’ आलं, त्यामुळे मोर्च्याच्या बातमीत शंखध्वनी वाचलं तर तिथे शंख असेलच असं नाही. ‘पाण्याची बोंब आहे’ म्हणजे पाणी नाही. आणि ‘काम बोंबललं’ म्हणजे काम फसलं. या शेवटच्या अर्थाकडे मी बारकाईने बघेन. ओरडण्यातून फसण्याचा अर्थ सरळ निघत नाही. पण बोंब म्हणजे मेल्याची बोंब असं धरलं, तर बोंबललेलं काम म्हणजे ज्याची बोंब मारून झाली असं काम. टंचाईचा अर्थही तसाच लागतो: जे संपलं, त्याची बोंब.

‘चोराच्या उलट्या बोंबा’ मधली बोंब मात्र वेगळ्या जातीची. तिथे ती गाव जागं करण्याची हाळी आहे. चोरी झाली की ज्याची झाली त्याने बोंब मारायची. इथे चोरच ती मारतो, म्हणून उलटी. या म्हणीत अनेकवचन ‘बोंबा’ असंच. ‘बोंबी’ किंवा ‘बोंबे’ लिहिलेलं दिसतं, ते चूक. लिहिताना अनुस्वार द्यावा, ‘बोम्ब’ नको; आणि ‘बॉम्ब’ फुटतो, बोंब उठते किंवा मारली जाते.