विहिरीत लेझर सोडून पाण्याखालचा दाब मोजता येईल का?

तुम्ही विचारलंय की काठावरून लेझर पाण्यात सोडला तर तळाचा दाब कळेल का. नाही कळणार. वरून मारलेल्या लेझरने फार तर पाणी किती खाली आहे ते समजतं, आणि पाणी नितळ असेल तर किरण आत शिरून तोही आकडा चुकतो. दाब मोजताना लेझरचा प्रकाश केसाएवढ्या काचतंतूच्या आतच फिरवतात, पाण्याला तो लागत नाही. त्यामुळे पुरातली गढूळ कृष्णा असली तरी अडचण नाही.

या तंतूत ग्रेटिंग म्हणून अतिसूक्ष्म पट्टे कोरलेले असतात. ते एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवतात, बहुधा 1550 नॅनोमीटरच्या आसपासची. तंतू ताणला की ती सरकते, आणि ते सरकणं इंटरोगेटर नावाचं यंत्र मोजतं.

खरी अडचण तापमानाची आहे. मी सांगलीत इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. मिरजेजवळ मामांच्या विहिरीत आम्ही असा सेन्सर पृष्ठभागाखाली दोन मीटरवर टांगला होता. मोटर बंद, तरी दुपारी पाणी चढलेलं दिसायचं आणि पहाटे उतरलेलं. दोरीला दगड बांधून मोजलं तर पाणी जागच्या जागी! उन्हाने तापलेलं वरचं पाणी आमचा आकडा हलवत होतं.

हिशेब बघा. नुसत्या ग्रेटिंगवर एक मेगापास्कल दाब, म्हणजे सुमारे 102 मीटर पाणी, आला तर तरंगलांबी जेमतेम 3 पिकोमीटर (नॅनोमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोमीटर) सरकते. तापमान एक अंश वाढलं की साधारण 10 पिकोमीटर. म्हणजे एका अंशाची चूक तीनशे मीटरहून जास्त पाण्याएवढी. आम्हा सांगलीकरांचा जीव पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या फुटाफुटावर टांगलेला असतो, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि एक फूट पाणी म्हणजे फक्त 3 किलोपास्कल.

म्हणून ग्रेटिंग पातळ पडद्याला जोडतात. पाण्याच्या दाबाने पडदा वाकतो, तंतू ताणला जातो आणि संवेदनशीलता कित्येक पट वाढते. शेजारी त्याच तंतूवर दुसरी ग्रेटिंग सैल ठेवतात. तिला फक्त तापमान कळतं, ते पहिलीच्या आकड्यातून वजा करायचं. ही दुसरी ग्रेटिंग नसलेला सेन्सर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

एका विहिरीसाठी मात्र मी हा खर्च करायला सांगणार नाही. इंटरोगेटर लाखांच्या घरात जातो, साधा सबमर्सिबल लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पाण्यात बुडवून पातळी सांगणारा विजेवरचा सेन्सर, काही हजारांत येतो. धरणाच्या भिंतीत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब वीस-पंचवीस ठिकाणी, लांबून मोजायचा असेल, तर काचतंतूला तोड नाही. एकाच तंतूवर अनेक सेन्सर बसतात, आणि वळवाच्या विजा तांब्याच्या तारेतून येऊन यंत्र जाळतात तसं इथे होत नाही.

कोणताही सेन्सर घेतलात तरी तो पूर्ण बंद आहे की त्याला हवेची नळी आहे, ते विचारून घ्या. बंद असेल तर तो पाण्याबरोबर वरच्या हवेचा दाबही मोजतो, म्हणून तो वजा करायला काठावर बॅरोमीटर ठेवा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल बदलला की पाणी सेंटिमीटरभर हलल्यासारखं दिसतं.